वस्तीने घडवलेला विभाग

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत ‘कॉलेज ऑफ एथ्निक स्टडीज’ ही शाखा आहे. कृष्णवर्णीय, मूळनिवासी इंडियन, आशियाई, लॅटिनो, अरब अशा समाजांचा इतिहास, साहित्य आणि आजचे प्रश्न तिथे त्या त्या समाजाला केंद्रस्थानी ठेवून शिकवले जातात. या शाखेतले विभाग आणि त्यांच्या आसपासच्या विद्यार्थी संघटना वर्गाबाहेरही बरंच काही करत असतात. नृत्य-नाट्याचे कार्यक्रम होतात, भिंती रंगतात, चित्रपटांचे खेळ लागतात, शहरातल्या शाळांत जाऊन विद्यार्थी शिकवतात, वस्तीतल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवतात. विद्यापीठांच्या कारभारात अशा कामाला सहसा ‘समाजसंपर्क’ म्हणतात आणि त्याचा नंबर शेवटी लागतो. आधी अध्यापन, मग संशोधन, आणि वेळ-पैसा उरलाच तर हे. मला हा क्रम चुकीचा वाटतो. ज्या विषयाचा जन्मच वस्तीतल्या कामातून झाला, त्याच्यासाठी वस्तीशी असलेलं नातं ही ज्ञान मिळवण्याची आणि मिळालेलं ज्ञान पारखून घेण्याची पद्धत आहे. ते नातं सुटलं की कार्यक्रम करमणुकीपुरते उरतात आणि अभ्यासातलाही जीव जातो.

याचा पहिला पुरावा स्थापनेच्या इतिहासातच आहे. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची एक मोठी योजना आखली, ती ‘मास्टर प्लॅन’ म्हणून ओळखली जाते. हायस्कूल संपवणाऱ्या मुलांपैकी गुणांनी वरच्या एक अष्टमांश मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात प्रवेश, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजांत, बाकीच्यांना दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांत, अशी तिची मांडणी होती. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच होता. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर, मिशन, चायनाटाऊन या वस्त्यांतल्या सरकारी शाळा आणि सुखवस्तू भागांतल्या शाळा सारख्या नव्हत्या, त्यामुळे चाळणीतून कोण गळणार हे जवळपास आधीच ठरलेलं होतं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट तेव्हा असंच एक स्टेट कॉलेज होतं. तिथल्या विद्यार्थ्यांना हे दिसलं, कारण ते त्या वस्त्यांत जात होते. साठच्या दशकाच्या मध्यात त्यांनी मुलांसाठी शिकवण्या सुरू केल्या, ‘एक्स्पेरिमेंटल कॉलेज’ नावाच्या उपक्रमात स्वतः आखलेले वर्ग चालवले, आणि १९६७मध्ये ब्लॅक स्टुडंट्स युनियनने कवी-नाटककार अमिरी बराका यांना बोलावलं. बराका तेव्हा लरॉय जोन्स या नावाने लिहीत. त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनी केलेली नाटकं कॉलेजच्या आवारापुरती राहिली नाहीत, वस्त्यांत गेली. म्हणजे शिकवणी, नाटक आणि नव्या विषयाचे वर्ग हे तिन्ही एकदमच उगवले, आणि विभाग कागदावर येण्याच्या आधी उगवले.

६ नोव्हेंबर १९६८ रोजी संप सुरू झाला. निमित्त होतं जॉर्ज मरी या इंग्रजीच्या शिक्षकाच्या निलंबनाचं. ते कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे शिक्षणप्रमुखही होते. ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या जोडीला लॅटिनो, मेक्सिकन, चिनी, फिलिपिनो अशा विद्यार्थी संघटनांची ‘थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट’ ही आघाडी उभी राहिली. एकूण पंधरा मागण्या होत्या. स्वतंत्र शाखा हवी, तिच्या नेमणुका आणि अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार हवा, वस्त्यांतल्या मुलांना प्रवेश हवा, हा त्यांचा गाभा. गव्हर्नर रोनाल्ड रेगन कडक धोरणाचे होते. कॉलेजचे नवे प्रमुख एस. आय. हायाकावा यांनी २ डिसेंबरला संपकऱ्यांच्या गाडीवर चढून ध्वनिवर्धकाच्या तारा उपटल्या आणि ते दृश्य देशभर दूरचित्रवाणीवर दिसलं. जानेवारीत शिक्षकांची संघटनाही संपात उतरली. २३ जानेवारी १९६९ला एकाच दिवशी चारशेहून अधिक लोकांना अटक झाली. मार्चमध्ये समझोता झाला तेव्हा सगळं मिळालं नव्हतं. मरी परत आले नाहीत, कृष्णवर्णीय अभ्यासाची आखणी करणारे नेथन हेअर यांनाही कॉलेजने ठेवलं नाही. पण १९६९च्या शरद सत्रात शाखा उघडली, आणि अशी ती देशातली पहिली. साडेचार महिने विद्यार्थी एकटे टिकले नसते. कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र चालवणारे डॉक्टर कार्लटन गुडलेट, ग्लाइड चर्चचे पाद्री सेसिल विल्यम्स यांच्यासारखी शहरातली वजनदार माणसं त्यांच्या बाजूने उभी राहिली. वस्तीने या विभागासाठी किंमत मोजली आहे, आणि म्हणून विभाग तिचं देणं लागतो.

हे देणं-घेणं प्रत्यक्षात कसं चालतं, ते इंटरनॅशनल हॉटेलच्या लढ्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कीर्नी स्ट्रीटवर मनिलाटाऊन नावाची फिलिपिनो वस्ती होती. या हॉटेलातल्या लहान लहान खोल्यांत वयस्क फिलिपिनो आणि चिनी पुरुष भाड्याने राहत. तरुण मंडळी या फिलिपिनो वृद्धांना आदराने ‘मनोंग’ म्हणत, म्हणजे आपल्याकडे ‘दादा’ किंवा ‘अण्णा’ म्हणावं तसं. त्यांच्यातले बहुतेक एकटे होते, आणि तो एकटेपणा कायद्याने घडवलेला होता. तरुणपणी ते शेतात आणि मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत मजुरीला आले. १९३३ साली कॅलिफोर्नियाने फिलिपिनो पुरुषांना गोऱ्या स्त्रियांशी लग्न करायला बंदी केली. ती बंदी १९४८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. १९३४च्या कायद्याने फिलिपिन्समधून वर्षाला फक्त पन्नास माणसांना प्रवेश ठेवला. स्वतःच्या देशातून बायको आणता येत नव्हती, इथे संसार मांडता येत नव्हता. कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांत यातलं काहीही नव्हतं. ते त्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांना ठाऊक होतं.

१९६८ साली मालकाने हॉटेल पाडायचं ठरवलं आणि स्टेट कॉलेजच्या व बर्कलीच्या विद्यापीठातल्या आशियाई अमेरिकन विद्यार्थ्यांनी भाडेकरूंची बाजू घेतली. त्यांनी खोल्या रंगवल्या, नळ दुरुस्त केले, रात्रीचे पहारे दिले. इमारतीच्या रस्त्यालगतच्या गाळ्यांत पुस्तकांचं दुकान आलं, समाजकेंद्र आलं, १९७२मध्ये सुरू झालेल्या ‘कीर्नी स्ट्रीट वर्कशॉप’ या कलावंतांच्या संस्थेनेही तिथे जागा घेतली. पोस्टरं छापली जात, कवितावाचनं होत, चित्रपट दाखवले जात. या कार्यक्रमांना नुसतं ‘सांस्कृतिक’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण मनोंगांची कहाणी ऐकायला त्याच निमित्ताने माणसं जमत होती आणि जमलेली माणसंच पुढे दारात साखळी करून उभी राहत होती. बेदखलीचा हुकूम अमलात आणायला नकार दिल्याबद्दल शेरीफ रिचर्ड हाँगिस्टो यांना पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. अखेर ४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे पोलिसांनी हजारोंच्या गर्दीतून वाट काढत उरलेल्या भाडेकरूंना बाहेर काढलं. पुढे इमारत पाडली गेली. त्यानंतर तो भूखंड वर्षानुवर्षं रिकामा राहिला, पण तिथे दुसरं काही उभं राहू नये म्हणून लोक झगडत राहिले. २००५मध्ये त्याच जागी वृद्धांसाठी परवडणारी घरं उभी राहिली, तळमजल्यावर मनिलाटाऊनच्या इतिहासाचं केंद्र आलं. एका पिढीचे विद्यार्थी म्हातारे होईपर्यंत हे काम चाललं. आज आशियाई अमेरिकन इतिहास शिकवताना हा लढा टाळून पुढे जाता येत नाही. विभागाने वस्तीला मनुष्यबळ दिलं, तर वस्तीने विभागाला त्याच्या विषयाचा एक अख्खा अध्याय दिला.

असाच धागा अल्काट्राझ बेटाकडे जातो. २० नोव्हेंबर १९६९ रोजी मूळनिवासी इंडियन तरुणांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं हे बंद पडलेलं तुरुंगाचं बेट ताब्यात घेतलं आणि ११ जून १९७१पर्यंत ते धरून ठेवलं. त्यांचा एक पुढारी रिचर्ड ओक्स हा मोहॉक तरुण सॅन फ्रान्सिस्को स्टेटचा विद्यार्थी होता आणि तिथल्या इंडियन अभ्यासाच्या उभारणीत त्याचा हात होता. आजही थँक्सगिव्हिंगच्या पहाटे त्या बेटावर मूळनिवासींचा सूर्योदयाचा मेळावा भरतो. मिशन भागात १९७०मध्ये ‘गॅलेरिया दे ला रासा’ हे कलादालन सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी रूपर्ट गार्सिया यांनी याच कॉलेजात संपाची पोस्टरं केली होती. या कलादालनाने १९७२पासून मृतांच्या स्मरणाचा मेक्सिकन दिवस, ‘दिया दे लोस मुएर्तोस’, शहरात सार्वजनिकरीत्या साजरा करायला सुरुवात केली. या दिवशी मांडल्या जाणाऱ्या वेदीवर झेंडूचे ढीग असतात, आणि आपण दसऱ्याला ज्याची तोरणं बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. मिशनमधल्या वेद्यांवर घरच्या मृतांबरोबर एड्सने गेलेल्यांची आणि सीमा ओलांडताना मेलेल्यांचीही आठवण ठेवली जाऊ लागली. दुःख सार्वजनिक केलं की त्यामागची कारणंही सार्वजनिक चर्चेत येतात, आणि ती चर्चा सणातच मिसळून जाते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. विद्यापीठांतले बहुतेक सांस्कृतिक कार्यक्रम असे नसतात, असं म्हणणं असतं. ते रंगीबेरंगी पोशाखांचे, ठरावीक नाचांचे, खाद्यपदार्थांच्या टेबलांचे असतात. त्यातून समाज कळत नाही, त्याची शोभेची प्रतिमा पक्की होते. फिलिपिनो विद्यार्थ्यांची ‘पिलिपिनो कल्चरल नाइट’ हे याचं चांगलं उदाहरण. बांबूंमधून उड्या मारत करायचा तिनिकलिंग, शाही थाटाचा सिंगकिल, मध्ये गुंफलेलं एखादं कौटुंबिक नाटुकलं, असा साचा कॅलिफोर्नियाच्या कितीतरी विद्यापीठांत वर्षानुवर्षं चालत आला. त्यातले बरेच नाच १९५७मध्ये स्थापन झालेल्या बायानिहान या फिलिपिन्सच्या नृत्यपथकाने रंगमंचासाठी बसवलेल्या रूपातच उचललेले. पण ही टीका कोणी केली तेही पाहायला हवं. थिओडोर गोन्झाल्व्हेस या अभ्यासकाने या कार्यक्रमांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते याच विषयाच्या आतून आलं. ज्या मुलांनी हे नाच केले त्यांनीच पुढे विचारलं की आपण नाचतोय ते कोणाचं, कोणी ठरवलेलं, आणि त्यात आपले शेतमजूर आजोबा कुठे आहेत. विभाग जवळ असेल तर असा प्रश्न उठतो, आणि पुढच्या वर्षीच्या नाटकात त्याचं उत्तर शोधता येतं. विभाग नसेल तर साचाच उरतो. म्हणून वरवरच्या कार्यक्रमांवरचा उपाय कार्यक्रम कमी करणं हा नाही, त्यांना अभ्यासाशी आणि वस्तीतल्या माणसांशी घट्ट बांधणं हा आहे. ‘हे सण बनावट आहेत’ हा याच आक्षेपाचा दुसरा अवतार. क्वान्झा हा कृष्णवर्णीयांचा सात दिवसांचा सण १९६६मध्ये मौलाना करेंगा यांनी सुरू केला. ते पुढे लाँग बीचच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय अभ्यासाचे प्राध्यापक झाले. सण नवा आहे हे खरं. सार्वजनिक गणेशोत्सवही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी सुरूच केला होता. सणाचं वय मोजण्यापेक्षा त्याने लोकांना कशासाठी एकत्र आणलं, हे तपासलेलं बरं.

दुसरा आक्षेप उपयोगाचा: या सगळ्याने गरीब घरच्या मुलांचं काय भलं होतं? इथे बऱ्यापैकी ठोस उत्तर आहे. २००१ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या प्राध्यापक अॅलिसन तिन्तियांको-कुबालेस यांच्या पुढाकाराने ‘पिनाय एज्युकेशनल पार्टनरशिप्स’ हा उपक्रम बाल्बोआ हायस्कूलमध्ये सुरू झाला. विद्यापीठातले विद्यार्थी सरकारी शाळांत जाऊन फिलिपिनो अमेरिकन इतिहास शिकवतात, आणि शिकवता शिकवता स्वतः शिक्षक होतात. साठच्या दशकातल्या शिकवण्यांचीच ही पुढची पायरी. पुढे शहराच्या शाळांनी नववीसाठी एथ्निक स्टडीजचा विषय प्रयोगादाखल आणला. त्यावर थॉमस डी आणि एमिली पेनर यांनी केलेला अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. आठवीत चारपैकी सरासरी दोनपेक्षा कमी श्रेणीगुण असलेल्या मुलांना हा विषय नेमून दिला जात होता, म्हणून त्या सीमेच्या थोडं खाली आणि थोडं वर असलेल्या मुलांची तुलना त्यांना करता आली. विषय घेतलेल्यांची हजेरी २१ टक्के-अंकांनी आणि सरासरी श्रेणी १.४ गुणांनी वाढलेली दिसली. हे आकडे फार मोठे आहेत, आणि काही अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर शंकाही घेतल्या आहेत. एका शहरातल्या, मन लावून शिकवणाऱ्या मोजक्या शिक्षकांच्या वर्गांवरून सगळ्या राज्याबद्दल बोलू नये, हे मला मान्य आहे. पण त्या शिक्षकांमागे तयार केलेलं साहित्य, प्रशिक्षण आणि वस्तीची ओळख होती, आणि ती विद्यापीठातल्या विभागाने वर्षानुवर्षं शाळांत खपून जमवली होती. हा भाग वगळून नुसता विषय वेळापत्रकात घातला तर तोच परिणाम येईल असं मानायला आधार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात तापलेला: हा अभ्यास म्हणजे राजकारण आहे आणि त्याने समाज फुटतो. अॅरिझोना राज्याने २०१०मध्ये याच कारणाने कायदा केला आणि टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन अमेरिकन अभ्यास बंद पाडला. २०१७मध्ये संघीय न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी त्या बंदीमागे वांशिक आकस होता असा निर्णय दिला. म्हणजे फुटीचा आरोप करणाऱ्यांचेच हेतू न्यायालयात टिकले नाहीत. तरीही आक्षेपातला एक भाग खरा आहे आणि तो टाळू नये. कॅलिफोर्नियाच्या शाळांसाठीच्या नमुना अभ्यासक्रमाचा २०१९चा पहिला मसुदा ज्यू संघटनांसह अनेकांना एकांगी वाटला, आणि बऱ्याच फेरफारांनंतर २०२१मध्ये तो मंजूर झाला. वस्तीच्या जवळ असलेला विभाग त्या वस्तीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाचा प्रवक्ता बनण्याचा धोका असतोच. समाज म्हणजे एकच तोंड नसतं. त्यात मालक असतात, मजूर असतात, बायका असतात, ज्यांना समाजातच खालची जागा मिळाली तेही असतात. विभागाने कोणाच्या कार्यक्रमाला व्यासपीठ दिलं आणि कोणाला विचारलंच नाही, यावरूनच त्याची पारख व्हायला हवी.

इथे आपला, मराठी माणसांचा, थेट संबंध येतो. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाशी अस्पृश्यांच्या प्रश्नाचं साम्य नोंदवलं होतं. १९६६मध्ये ओकलंडला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि सहा वर्षांनी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. ज्या वाऱ्याने सॅन फ्रान्सिस्कोचा संप पेटला त्याच वाऱ्याची एक झुळूक मुंबईत पोचली होती. मग हा प्रवास उलट्या दिशेनेही झाला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट ज्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी व्यवस्थेत आहे, तिच्या तेव्हाच्या तेवीस विद्यापीठांनी जानेवारी २०२२मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. भारतीय वंशाच्या दोन प्राध्यापकांनी त्याविरुद्ध दावा केला. तो न्यायालयाने फेटाळला. धोरण आल्याच्या पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने जातभेदाविरुद्धचं विधेयक मंजूर केलं, आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३मध्ये नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. या वादात ‘भारतीय समाज’ दोन्ही बाजूंना होता. दिवाळीच्या कार्यक्रमात एकत्र दिसणारा समाज जातीच्या प्रश्नावर किती वेगवेगळा उभा राहतो, हे ज्या विभागाला दिसत नाही त्याचा भारतीयांविषयीचा अभ्यास अपुरा आहे, आणि असा कार्यक्रम कितीही देखणा असला तरी तो पुरेसा नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. २०१६मध्ये कॉलेज ऑफ एथ्निक स्टडीजचं अंदाजपत्रक कमी पडू लागलं तेव्हा चार विद्यार्थ्यांनी उपोषण केलं. दहा दिवसांनी विद्यापीठाने सुमारे ४ लाख ८२ हजार डॉलरची तरतूद मान्य केली. २०२०मध्ये शर्ली वेबर यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने कॅलिफोर्निया स्टेटच्या प्रत्येक पदवीधराला एथ्निक स्टडीजचा एक अभ्यासक्रम सक्तीचा झाला. वेबर या आमदार होण्याआधी सॅन डिएगो स्टेटमध्ये आफ्रिकाना स्टडीज शिकवत. हा मोठा विजय आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की हजारो मुलांचे सक्तीचे वर्ग घेण्यातच शिक्षकांचा सगळा वेळ गेला, तर शाळांतलं आणि वस्त्यांतलं काम सगळ्यात आधी कापलं जाईल. ते कापलं जाऊ नये म्हणून शिक्षकांच्या कामाच्या तासांत वस्तीतल्या कामाचे तास मोजले गेले पाहिजेत, बढतीच्या वेळी ते संशोधनाइतकेच धरले गेले पाहिजेत. आणि आपल्यापैकी ज्यांची मुलं तिथे शिकत आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: हा अभ्यासक्रम सक्तीचा म्हणून उरकून टाकू नका, असं मुलांना सांगा. त्यांनी एखाद्या वस्तीच्या कामात नाव घालावं, आणि विभागाच्या कार्यक्रमात भारताची पाळी येईल तेव्हा नाच आणि खाण्याबरोबर जोतिराव-सावित्रीबाई फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचीही मांडणी व्हावी असा आग्रह धरावा. त्यासाठी लागणारी पुस्तकं त्यांना घरून पाठवा.